रडत नव्हती ती

१४ मार्च

चि. धाकटीस,

ताईचा आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. शेळी व्याली, दोन करडं झाली. विहिरीचं पाणी गढूळच आहे. आता उकळून घेतो.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तू आलीस, एक रात्र राहिलीस आणि कारखान्यात परत गेलीस. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. हगवण लागली आणि दोन दिवसांत तुझी छकुली गेली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच.

तू तिला आठ महिन्यांची माझ्यापाशी ठेवलीस. तुझं दूध तुटलं. वरच्या दुधात मी पाणी घालायचे, माझी दोन आणि ती, तिघांना पुरावं म्हणून. सकाळी शेतावर जाताना तिला माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या कडेवर द्यायचे. पोरगी दुपारी तिला सकाळचीच पेज पाजायची. दर पंधरवड्याला पोट बिघडायचं. मी म्हणायचे, दात येताहेत.

फोनवर सांगायचे ना, "गुणाची आहे गं तुझी लेक, रडतच नाही." धाकटे, तिच्यात रडायचं बळ उरलं नव्हतं. मला कळलं नाही.

नाही, खोटं लिहिलं. कळलं होतं. ती जाण्याआधी तीन आठवडे नर्सबाई आल्या होत्या. तिच्या दंडाला मोजायची पट्टी लावली, ती लाल खुणेवर आली. म्हणाल्या, "आजच दवाखान्यात न्या. चौदा दिवस ठेवावं लागेल, सोबत कुणीतरी हवं."

मी म्हटलं, "कापणी आटपली की नेते."

त्या पुन्हा आल्या तेव्हा तिला घेऊन मी मागच्या दाराने निघून गेले. शेवटी नेलं, तेव्हा वाटेतच माझ्या मांडीवर तिने मान टाकली.

कामावर गेले नसते तर घरात चूल पेटली नसती, असं मनाला समजावते. ते ऐकत नाही. राग माझ्यावर काढ. तिला सोडून गेलीस म्हणून स्वतःवर काढू नकोस.

मला उत्तर नको. पण माझ्या पोरीला एक ओळ लिही. आपण पाजलेल्या पेजेनेच बाळ गेलं, असं तिने मनात धरलंय. ताटावर बसते, घास उचलत नाही. माझं ऐकत नाही, मावशीचं ऐकेल.

तुझी लेक तुला परत देऊ न शकलेली,
ताई