जिन्यातला बल्ब

प्रिय चिऊ,

तुझी आई बरी आहे. काल वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि मी भांडी कशी चुकीच्या जागी लावतो हे तिथेच उभं राहून सुनावून आली. म्हणजे गाडी रुळावर येते आहे. हाड पुरतं जुळायला अजून दीड महिना लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

तू सोसायटीला लिहिलेलं पत्र चिटणीसबाईंनी मला दाखवलं. जिन्यात अकरा दिवस अंधार होता, रखवालदाराने बल्ब बदलला नाही, त्यामुळे आई पडली, सबब त्याला कामावरून काढावं. पोरी, भाषा अगदी माझी, मुद्देसूद. पुढच्या रविवारच्या सभेत हा विषय पहिलाच आहे. तो माणूस इथे चौदा वर्षं आहे. घरात खाणारी पाच तोंडं, आणि या वयात त्याला दुसरं कोणी दारात उभं करणार नाही.

लहानपणी तू वरच्या मजल्यावरच्या काकांना तोंडावर फुकटेकाका म्हणाली होतीस आणि मी कपाळाला हात लावला होता. शब्द तू माझ्याकडूनच उचलला होतास. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना दरवर्षी मी तो धडा रंगवून सांगायचो. जिन्यातला दिवा कुणीही लावला तरी उजेड सगळ्यांना मिळतो. वर्गणी न देणाऱ्यापुरता अंधार करता येत नाही. मग जो तो वाट बघतो, दुसरा लावेल. तो फुकट्या. वर्ग हसायचा. निवृत्त झालो आणि ते हसणं बंद झालं. फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. म्हणून पुस्तक लिहायला घेतलं, आणि या धड्यासाठी मला एक ताजं, खरंखुरं उदाहरण हवं होतं.

बल्ब गेला त्याच्या दुसऱ्याच सकाळी रखवालदार शिडी आणि नवा बल्ब घेऊन आला होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, राहू दे, बघू या कोण लावतंय. बल्ब त्याच्या हातातून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला. तो जरा घुटमळला, पण सर सांगताहेत म्हटल्यावर गेला. मग मी रोज वहीत लिहीत होतो, आजही कोणी लावला नाही. सगळे मोबाइलच्या उजेडात जिना चढत होते. मी स्वतः खिशात टॉर्च ठेवत होतो. तुझ्या आईला मोबाइल बरोबर न्यायची सवय नाही, आणि त्या संध्याकाळी तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या.

माझी चूक मला दवाखान्याच्या बाकावर कळली. एखाद्या विद्यार्थ्याने ती केली असती तर मी त्याला नापास केलं असतं. फुकटेपणावरचा उपाय म्हणजे संस्था, हेही मीच शिकवायचो ना? चारजण बसून नियम करतात, कामाला माणूस नेमतात, मग कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागत नाही. आपल्या इमारतीने हा उपाय केव्हाच केला होता. तो शिडी घेऊन माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याला परत पाठवलं. शेजारी थांबले, कारण काम त्याचं आहे आणि तो करतोच, हे त्यांना माहीत होतं. त्यात फुकटेपणा कसला?

तू फोनवर विचारलंस तेव्हा, बल्ब कधी गेला कोण जाणे, असं मी म्हणालो. तुझ्या आईला मी पाडलं हे तुला सांगायची मला लाज वाटली. चिटणीसबाईंनी रखवालदाराला खोदून खोदून विचारलं, तर तो एवढंच म्हणाला की माझ्याकडून राहिलं. माझं नाव का घेतलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, लोक तुम्हाला मानतात सर, ते राहू दे. काल मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी पोरीला लिहा. सभेत मी उभा राहून बोलणारच आहे. पण त्या तक्रारीखाली सही तुझी आहे, ती तूच मागे घ्यायला हवी. रविवारच्या आत घे. वाटेल तेवढी रागाव माझ्यावर, फक्त त्या माणसाची नोकरी वाचव.

तुझाच,
बाबा