मनगटाला बांधलेला तंगूस

बाबा, तुम्ही गळाचा तंगूस, ती नायलॉनची दोरी, मनगटाला बांधून धरणाच्या काठावर बसायचात असं मी इतकी वर्षं सांगत आले, ते चूक आहे. तुम्ही तो कधीच बांधला नाही. मी बांधला होता, माझ्या हाताला, आणि तोही एकदाच. धाकट्याला सांगताना मी ते तुमच्यावर घातलं आणि त्यानं ते खरं धरलं. धरणारच. तुम्ही काविळीनं गेलात तेव्हा तो रांगत होता. तुमच्याबद्दल त्याला जे माहीत आहे ते सगळं माझ्या तोंडचं आहे.

तो आता कोकणात नोकरीला आहे, खोलीपासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ. सुट्टीच्या दिवशी वाळूत उभा राहून हातानं गळ टाकतो. पहिल्यांदा त्यानं तुमचीच मांडणी केली होती, मी शिकवलेली: तंगुसाच्या टोकाला वजन म्हणून लोखंडी नट, त्याच्या वीतभर वर गळ, गळाला कणकेचा गोळा. फोनवर हसत होता. "ताई, नट टाकला की लाट त्याला गडगडत आणून माझ्या पायापाशी ठेवून राहिली. समुद्र म्हणतो, घे तुझं तुला. अन् कणीक तर गळावर टिकतच न्हाई." दुकानात गेला तर दुकानदारानं तो नट तळहातावर घेऊन विचारलं, "पाहुणे, धरणावरचे दिसताय?" मग त्यानं तारेचे पाय असलेलं शिसं दिलं, वाळूत रुतून बसणारं, आणि कोळंबी लावायला सांगितली. मी हे सगळं आईला सांगत होते. आई म्हणाली, "मासा गावला का न्हाई ते इचार. शिशाच्या पायाचं काय कालवण करायचंय?"

गेल्या रविवारी त्यानं फोटो पाठवला. माशाचा असेल म्हणून मी आईला हाक मारली. फोटो मनगटाचा होता. कातडीत तंगूस रुतून लाल खाच पडलेली, सगळीकडून. खाली लिहिलं होतं, "बाबांची खूण." आईला म्हटलं, उघडत नाही, आणि मागच्या दारी जाऊन फोन लावला. पाकट लागलं होतं म्हणाला, परातीएवढा चपटा मासा. ओढीनं तो गुडघ्यांवर पडला, डोक्यावरून लाट गेली, तंगूस तुटला म्हणून सुटला. हे तो मजेत सांगत होता.

"मनगटाला बांधू नको रे."

"काहून? बाबा बांधायचे ना?"

"व्हय," मी म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

"मग? आता असा घेतो की तुटणारच न्हाई. दुकानात इणलेली दोरी हाय, बैल ओढला तरी तुटायची न्हाई. गुरुवारी आणतो. रविवारी मोठी भरती हाय ताई, सगळे चाललो आमी."

तेव्हापासून मी किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांचे व्हिडिओ बघते आहे. एकच गोष्ट चार जणांनी सांगितल्याशिवाय मला पटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जाड तंगुसावर लाटेचा मार जास्त बसतो, शेवाळ अडकतं, आणि शिसं कितीही रुतलं तरी ओढलं जातं. म्हणून लांबीभर बारीकच घ्यायचा. शिंपल्यांना घासतो म्हणून टोकाकडचा तेवढा तुकडा जाड जोडायचा. तुटायची वेळ आलीच तर काय तुटावं, ते बांधतानाच ठरवायचं. हे शेवटचं ऐकताना मला तुमचं वारंगा फाट्यावरचं पंक्चरचं दुकान आठवलं. भंगाराच्या डब्यातला नट तुम्ही शिवणाच्या कच्च्या दोऱ्यानं बांधायचात, कारण धरणात बुडालेल्या बाभळींची खोडं होती. नट अडकला तर दोरा तुटून तेवढाच जायचा, गळ आणि तंगूस घरी यायचा. शाळेत अक्षर गिरवायच्या आधी मी तुमच्याकडून गाठ शिकले. आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची. कोरडी आवळली तर तंगूस जळतो.

तो दिवस उन्हाळ्याचा. पाणी खाली गेलेलं, काठाचा चिखल वरून वाळलेला आणि आत मऊ. तुम्ही माझ्या हातात तंगूस देऊन पलीकडे बसलेल्या माणसाकडे तंबाखू मागायला जाता. तंगूस नवा आहे. माझ्या हातून सुटला तर, या भीतीनं मी त्याचे वेढे मनगटाला घालते आणि गाठ मारते, ओली करून, तुम्ही शिकवली तशी. मासा लागतो. मी घसरत पाण्यात जाते, पाणी कमरेला येतं, तरी ओरडत नाही. ओरडले असते तर बांधलेलं तुम्हाला कळलं असतं. तुम्ही धावत येता. ट्यूब कापायचं पातं तुमच्या खिशात असतं, त्यानं एका झटक्यात तंगूस कापता. मासा, गळ, नवा तंगूस, सगळं गेलं. मग मला काठावर ओढून तुम्ही पाठीत धपाटे घातलेत. "हातात धरायचा असतो, हाताला बांधायचा न्हाई! गेला तर जाऊ दे की. तू काहून जातीस त्याच्यामागं?" घरी आल्यावर आईला तुम्ही यातलं काही सांगितलं नाहीत.

पुढे धाकटा जेवायचा नाही. आई मजुरीला गेलेली, मी त्याला भरवायची आणि तुमच्या गोष्टी सांगायची. एकदा त्यानं विचारलं, काठावर बाबांना झोप लागली तर? मी म्हणाले, मनगटाला तंगूस बांधून झोपायचे, मासाच उठवायचा त्यांना. तो खदखदून हसला आणि घास गिळला. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच गोष्ट मागितली, तिसऱ्या दिवशीही. घाबरून मारणारे बाबा त्या लेकराला कसे द्यायचे? पण आता खरं सांगितलं तर तो विचारेल, मग बाकीचं? तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन दुकानात न्यायचात ते? त्याचं नाव तुम्हीच ठेवलंत ते? त्यातलं किती घडलं आणि किती मी घास भरवताना जोडलं, हे आता मलाही छातीठोक सांगता येत नाही. त्याच्याकडे तुमचं म्हणून एवढंच आहे, आणि मी त्यालाच हात लावायला निघाले आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक कबूल करते. मार लपवावा म्हणून मी गोष्ट बदलली, हे अर्धंच खरं. तुमचा आवाज मला आठवत नाही. त्या दिवशीचं ओरडणं तेवढं ऐकू येतं, आणि ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. त्याच्याबरोबरही नाही.

आजच सांगायला हवं, हे कळतं मला. पण कामावर त्याला फोन आत नेऊ देत नाहीत, आणि खोलीवर मित्र असले की तो हसण्यावारी नेतो. दुकानातून तो फोन करणार आहे, कोणता घेऊ म्हणून. आधी त्या दिवसाचं सांगेन, तुम्ही जसं ओरडलात तसं, आणि मग तंगुसाचं. आज मंगळवार आहे. परवा, गुरुवारी संध्याकाळी.