धाकटं कार्ड, थोरलं कार्ड

९ जानेवारी, गुरुवार

पडदा उजळला! दिवाळीनंतर पहिल्यांदा.

खुमेंद्र सकाळीच गोंदियाहून स्कूटरवर आला. ह्यांचा पुतण्या, बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे गेले त्याच आठवड्यात ह्यांच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्डही गेलं होतं. तेराव्याला त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हा डब्बा आता उघडणार नाही. मग आज कसा आलास, म्हटलं. तर पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कार्डं काढली. दोन्ही जुनी, कुणाकुणाच्या मशीनमधून निघालेली.

“नवा घ्याची गरज नाई, काकी. काकाच्या खेळाले यातला कोनताबी पुरते.”

लहान ते टेन-सिक्स्टी, तीन जीबीचं. मोठं ते फाइव्ह-एटी, आठ जीबीचं. मला आकडे लक्षात राहायचे नाहीत. मी त्यांना धाकटं आणि थोरलं म्हणणार.

धाकटं वीज कमी खातं, थंड राहतं, आवाज करत नाही. थोरलं तापतं, पंखे घोंघावतात, वर हजार-बाराशेने महाग. शिवाय दुर्गच्या कुणा मुलाने ते कॉम्प्युटरवर बिटकॉइनची नाणी काढायच्या कामाला रात्रंदिवस जुंपलं होतं म्हणे! म्हणजे दमून आलेलं. मी म्हटलं, मग ते कशाला आणलंस? तर म्हणाला, “त्याले दूरचा दिसते.”

दोन्ही पुढच्या रविवारपर्यंत वापरून पाहा, मग एक परत नेतो, म्हणाला. तिरोड्याचं एक गिऱ्हाईक थोरल्याच्या मागे लागलंय. कार्ड काढायचं-बसवायचं त्याने मला शिकवलं. एक खटका दाबायचा, सरळ वर ओढायचं. क्रॉस-स्टिच केलेल्या बोटांना हे काय अवघड! कॉन्व्हेंटात भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर बर्नडेट असत्या तर खूश झाल्या असत्या.

तो गेल्यावर मात्र तशीच बसून राहिले. खेळ उघडायचा धीर झाला नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

धाकटं बसवलं. उघडला.

सगळं तसंच आहे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर रिकामपण खायला उठायचं, तेव्हा खुमेंद्रने हा खेळ लावून दिला होता. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून काहीही बांधायचं. ह्यांनी काय बांधावं? चोरखमाऱ्याचा तलाव! पाळ म्हणजे तलावाचा बांध, त्यातलं मधलं गेट, कालवा, आणि लग्नानंतर आम्ही राहिलो ते सरकारी क्वार्टर. अंगणातली तुळससुद्धा. तीन वर्षं संध्याकाळ झाली की हे इथे बसायचे आणि मी शेजारी भरतकाम घेऊन. “तू नुसती पाहा,” म्हणायचे. माऊस कधी हातात दिला नाही.

आज मीच चालले. अंगणातून पाळीवर. आपण स्वतः दिसत नाही, फक्त एक हात दिसतो, त्यात कंदील. चालताना तो हात हलतो. ह्यांचा हात असाच हलायचा, थोडा जास्तच.

पाळीवरून पाणी थोडंसंच दिसतं. पुढे पांढरं धुकं. आज सकाळी इथे मुर्रीत पडलं होतं तसलंच.

खुर्चीत बसले होते ती अर्ध्यावर. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, बाकावर अर्धी जागा आपल्या देवदूतासाठी सोडायची. साठी उलटली तरी ती सवय जात नाही.

११ जानेवारी, शनिवार

थोरलं बसवलं. पंखे एवढ्याने घोंघावले की शेजारच्या गीताबाई कुंपणावरून म्हणाल्या, “काय दळून रायल्या, बाई?”

जवळचं पाहायला दोन्ही कार्डं सारखीच. अंगण, तुळस, गेट, काही फरक नाही. दोन्हींवर चाल सुरळीत. पण खुमेंद्रने सांगितलं होतं तसं दूरच्या नजरेचं बटण शेवटपर्यंत ओढलं. धाकट्यावर कालही ओढून पाहिलं होतं, तर चित्र अडखळायला लागलं, दम लागल्यासारखं. थोरलं अडखळलं नाही. नुसतं तापलं.

आणि धुकं मागे सरलं. पाणी लांबत गेलं, लांबत गेलं आणि पलीकडचा काठ लागला.

तिथे एक घर आहे. ह्यांनी मला ते कधी दाखवलं नाही.

त्यात दिवा आहे.

१२ जानेवारी, रविवार

रिंकीचा पुण्याहून फोन. दर रविवारी येतो. जेवलीस का, औषध घेतलंस का, थंडी आहे का. बाबा गेल्यापासून आमचं बोलणं असं चारच वाक्यांचं झालं आहे. त्यांचं नाव दोघीही घेत नाही. घेतलं तर कोण आधी रडेल ही भीती.

आज एक जास्तीचं विचारलं. “आई, बाबांचा कॉम्प्युटर बंदच आहे ना?”

मी पटकन म्हटलं, बंदच आहे, त्याचं कार्ड जळलंय ना. या वयात मुलांचे खेळ खेळते हे लेकीला सांगायची लाज वाटली. नक्की ना, तिने पुन्हा विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाली, ठीक आहे, झोप वेळेवर.

संध्याकाळी पुन्हा पाळीवर गेले. दिवा घरात नव्हता. घराबाहेर होता, काठावर. आणि त्याच्यामागे कुणीतरी उभं होतं.

एवढ्या लांबून नुसता ठिपका. पण माणूसच.

१३ जानेवारी, सोमवार

खुमेंद्रला फोन केला. म्हटलं, ह्यांच्या खेळात दुसरं माणूस असतं का?

तो हसला. काका एकटेच खेळायचे, म्हणाला. एखादा राखणदार बसवला असेल, पगारी मजूर बसवतात तसा. खेळ बंद केला की तोही थांबतो का, विचारलं. तर नाही. खेळ म्हणे या डब्यात ठेवलेलाच नाही, नेटवर कुठेतरी आहे. “तुमी इकडे बंद करा, तिकडे चालूच राहाते.”

मग त्या माणसाचं नाव कसं कळायचं? तर ह्यांनी डोक्यावर दिसणाऱ्या नावाच्या पाट्या बंद करून ठेवल्यात, एकमेकांना लिहून बोलायची अक्षरंही बंद. पाट्या काढताना हे त्याला म्हणाले होते, गावात कोण पाटी लावून फिरतं का?

खरंच म्हणाले असतील. तस्संच बोलायचे.

फोन ठेवला आणि वाटलं, म्हणजे दोन महिने हा पडदा काळा होता तेव्हाही तिकडे तलाव होता. सांज होत होती. दिवा लागत होता.

संध्याकाळी गेले. तो ठिपका आता काठावर नव्हता. पाळीच्या दुसऱ्या टोकाशी होता. मी दोन पावलं पुढे झाले, तोही झाला. मी थांबले, तोही थांबला. मी मागे सरले.

तोही सरला.

पगारी राखणदार असं करत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

ह्यांच्याशिवायची पहिली. हळदीकुंकवाला बोलावणं नाही आलं, येणारही नव्हतं. गीताबाई तेवढ्या तिळगुळाची वाटी घेऊन आल्या. दारातूनच थोरल्याचे पंखे ऐकून म्हणाल्या, “तिनसांजेले दिवा लावाचा सोडून त्या मशिनीसंग कायले बसता, बाई? अशा वेळेले कोनी बी येते.” म्हटलं, कोण येतं? तर म्हणाल्या, “ज्याची वाट पाहाल तो.” आणि हसून गेल्या. मला हसू आलं नाही.

आज ठरवून गेटपर्यंत चालत गेले. पाळीच्या मध्यावर ते गेट आहे. हे चोरखमाऱ्याला असताना रोज तिथे चाक फिरवायला जायचे, मी डबा घेऊन जायची. तो समोरून आला. कंदील हातात. अंगावर पिवळा रेनकोट, टोपीत तोंड झाकलेलं. आमच्यामध्ये एक बैल उभा राहील एवढंच अंतर उरलं.

हाक मारावीशी वाटली. पडद्याला कोण हाक मारणार? तरी मारली. “अहो.”

तो वाकला. जमिनीवर काहीतरी ठेवलं. वळला आणि सरळ चालत गेला. एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढे जाऊन पाहिलं. भाजलेला मासा.

ह्यांना या तलावातला मासा फार प्रिय.

मी पुढे गेले तशी तो आपोआप माझ्या हातात आला. हात मीच पुढे केला होता की त्याने केला, कळलं नाही. कॉम्प्युटर बंद केला. हात खराखुरा गार पडला होता.

१५ जानेवारी, बुधवार

आज लावला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. मासा ठेवून वळायचं आणि मागे न पाहता जायचं. हे कुठे पाहिलंय?

दुपारी निवडायला तांदूळ घेतले आणि आठवलं. तेरावा. आमच्याकडे गेलेल्याच्या आवडीचं ताट गावाबाहेर ठेवतात. ठेवणाऱ्याने वळून पाहायचं नसतं. ह्यांचं ताट रिंकीने नेलं होतं. मी दारातून पाहत होते, पोर कशी ताठ चालत परत आली.

म्हणजे तो मासा निवद होता.

पण निवद जिवंत माणूस मेलेल्याला ठेवतो. मग त्या पाळीवर मेलेलं कोण? त्याने मला काय समजून ठेवला?

थोरलं काढलं. खटका दाबला, सरळ वर ओढलं; अजून कोमट होतं. धाकटं बसवलं. नको ते दूरचं. धाकटं गुणी आहे, गप्प आहे, वीज खात नाही. माझ्यासारखीला तेच बरं. धुकं परत आलं. पाळ, अंगण, तुळस, एवढंच माझं.

तरी गेटपर्यंत गेलेच.

गेटवर मासे होते. कालचा आणि आजचा. शेजारी मांडलेले.

धुक्यात, अगदी जवळ, एक उजेड इकडून तिकडे गेला आणि परत आला. कुणी शोधत असल्यासारखा.

धाकट्याने एवढं केलं फक्त. येणारं थांबवलं नाही, मला दिसणं तेवढं थांबवलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

हेच असतील तर मी भिते कशाला? आणि हे नसतील, तर मला एवढं वाईट का वाटतंय?

१८ जानेवारी, शनिवार

खुमेंद्र आला. उद्या न्यायचं ते आजच ठरवा म्हणाला. गिऱ्हाईक घाई करतंय. दोन्ही कार्डं मेजावर ठेवून त्याने पुन्हा सगळं समजावलं. एकट्या बाईला धाकटं पुरे, बिल कमी, जळायची भीती नाही. थोरलं वर्ष काढेल, दोन काढेल, भरवसा नाही. तो धाकट्याच्याच बाजूने बोलत होता आणि थोरल्यावर हात ठेवून होता.

मी म्हटलं, दिसण्यापुरतं दोन्हींत काय फरक आहे ते एका वाक्यात सांग.

“लहाना तुमचा अंगन दाखवते, काकी. मोठा अंगनाबाहेरचा.”

थोरलं ठेव म्हटलं. बसवलं त्यानेच. मग खेळ तपासताना त्याने वरच्या ओळीतली एक कळ दाबली आणि मी ओरडलेच.

पडद्यावर माझा हात राहिला नव्हता. अंगणात हे उभे होते. पाठमोरे. पांढरा सदरा, डोक्यावर पिवळी गवती टोपी, चोरखमाऱ्याला असताना घालायचे तीच.

“काकाच बनवले होते सोताले,” खुमेंद्र म्हणाला. “काऊन भेल्या? ही कळ दाबली का आपला आपन दिसतो मांगून.”

मी माऊस हलवला. टोपी वळली. पुढे चालवलं, ते चालले.

इतके दिवस मी ह्यांच्या आत उभी होते. त्यांच्याच डोळ्यांनी तो दिवा पाहत होते, त्यांच्याच हाताने मासा घेत होते.

खुमेंद्र गेल्यावर बराच वेळ कळ दाबायची, सोडायची, दाबायची. पाठ पाहत बसले. तोंड पाहायचा धीर झाला नाही.

१९ जानेवारी, रविवार

रिंकीचा फोन आज दिवेलागणीला आला. मी पाळीवर निघाले होते. एका हातात माऊस, फोन कानाशी. आज जेवलीस का विचारलं नाही. औषधाचंही नाही. एकदम रडायलाच लागली.

“आई, मला वेडी म्हण. रोज संध्याकाळी तू स्वयंपाकाला उठलीस की मी आणि बाबा तो खेळ खेळायचो. कामं सोडून खेळते म्हणून तू रागावशील, असं बाबा म्हणायचे, म्हणून सांगितलं नाही. पलीकडच्या काठावर माझं घर आहे. बाबा गेले तरी मी तिथे रोज दिवा लावते. आणि आई, गेला आठवडाभर ते येतात. तो डब्बा बंद आहे, कार्ड जळलंय, तूच सांगितलंस. तरी येतात. तीच टोपी. मी मासा ठेवला तर घेतला गं त्यांनी. गुरुवारी धुक्यात शोधल्यासारखे आले आणि माझ्याजवळून गेले, मला ओळखलंच नाही…”

मी तोंड उघडलं. सांगणारच होते.

एवढ्यात समोर कंदील हलला. पिवळा रेनकोट गेटपाशी थांबला.

“आई,” ती एकदम कुजबुजली, “हळू बोल. बाबा आलेत.”