ऑकलंड ते उत्रोली, विनाथांबा

सोमवार, ५ जानेवारी
आईने आज पेज नाकारली. थंडीमुळे असणार. संक्रांतीपर्यंत उठून बसेल.

नूतनचं सकाळपासून एकच, इंद्रजितला बोलवून घ्या. पोरगा न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये, नवी नोकरी. रजा फुकट का घालवायची? मी एसटीच्या भोर डेपोत कंट्रोलर होतो. गाडी कधी पोचते हे बायकोने मला शिकवू नये.

मोबाईलवर बघितलं. ऑकलंड ते मुंबई बारा हजार तीनशे किलोमीटर. विमान ताशी साडेआठशे. म्हणजे साडेचौदा तास. स्वारगेटच्या गाडीला वेळ लागतो तो नसरापूर, शिवरे अशा थांब्यांमुळे. आकाशात कसले थांबे? आज फोन केला तर उद्या पोरगा इथे उत्रोलीत, दारात. मग आजच कशाला करायचा?

मंगळवार, ६ जानेवारी
शेजारचे कोंडिबातात्या आले. आईच्या कानाच्या पाळ्या चाचपल्या, नाकाचा शेंडा निरखला. ओट्यावर येऊन हळूच म्हणाले, पाळ्या गळाल्यात, पोराला कळवा. मी साडेचौदा तासांचा हिशोब सांगितला. चहा अर्धा टाकून उठले. मला अजिबात आवडलं नाही.

बुधवार, ७ जानेवारी, संध्याकाळी
आईने डोळे उघडले. इंद्या कुठं हाय, म्हणाली. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला. मी सांगितलं, निघालाय. मग थांबते, म्हणाली. पण हे खोटं नव्हे. फोन केला की खरंच होणार.

तिकडे आता मध्यरात्र. फोन उद्या, नक्की.

भावकीतल्या गेनूने टेम्पो आमच्या दारात आणून लावलाय. असू द्या, लागंल, म्हणाला. कशाला लागेल ते सांगेना.

गुरुवार, ८ जानेवारी
फोन केला. इंद्रजित रडला. आधी का नाही सांगितलं, म्हणाला. सरळ विमानच नाही. सिंगापूरला उतरायचं, तिथे ताटकळायचं, मग मुंबई. तेही तिकीट शनिवारचं. मी म्हटलं, अरे, नकाशावर सरळ रेघ आहे. पप्पा, त्या रेघेवरून कोणी येत नाही, म्हणाला.

पण तिकडचं घड्याळ साडेसात तास पुढे. म्हणजे तेवढा तो आधीच पुढे आहे. हा फायदा कोणी धरतच नाही.

नूतनने माझं ताट झाकून ठेवलं आणि आईपाशी जाऊन बसली.

शनिवार, १० जानेवारी
आई पाणीही घेईना. ओठांना ओला कापूस लावतोय. श्वास मध्येच अडकतो, मग आम्हीही आपला धरून बसतो. कोंडिबातात्या आता घरी जात नाहीत.

इंद्रजितचा मेसेज आला, विमानात बसलो. आईच्या कानात सांगितलं. तिने माझं बोट दाबलं. नूतन म्हणते, भास. मला माहीत आहे, दाबलं.

रविवार, ११ जानेवारी
पहाटे आई गेली.

इंद्रजित अजून सिंगापुरातच. फोन लागेना. मी म्हटलं, नातवासाठी थांबू. सगळे थांबले. ऊन कललं तसे तात्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. लई थांबली रं म्हातारी, म्हणाले, आता तिला नगं थांबवू.

टेम्पो दारातच होता. नदीवर नेलं. अग्नी मी दिला.

अंघोळ करून टेकतो तोच मोबाईल वाजला. मुंबईत उतरलो पप्पा, टॅक्सी पळवायला सांगतो, आजीला म्हणावं आलोच. नूतनकडे बघितलं. तिने मान फिरवली.

मी म्हणालो, हळू ये बाळा. वाटेत जेवून घे. इथे चूल बंद आहे.