कोंड्यातल्या तीन गाठी

३ फेब्रुवारी २०१२, दवनीवाडा

सिंथेटिक ऑइलचा डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. पण दुपारची गोष्ट मनातून जात नाही.

उद्यापासून कचारगडच्या जत्रेला सवाऱ्या न्यायच्या फेऱ्या. आपली काळीपिवळी जीप तीन लाख किलोमीटर पळालेली. गोंदियाचा दुकानदार म्हणाला, "पुराना इंजन है, सिंथेटिक ही डालो." मी ऐटीत डबा आणून डोमाजी मिस्त्रींसमोर ठेवला. त्यांनी वाद घातला नाही. जीपखाली धानाचा कोंडा पसरला, इंजिन सुरू केलं आणि चहा मागवला. चहा संपला, तेव्हा कोंड्यात गळलेल्या ऑइलच्या तीन गाठी झाल्या होत्या.

"सील झिजले हायेत," डोमाजी म्हणाले. "जुन्या मळानं गळती धरून ठेवली हाये. हे ऑइल तो मळ धुऊन काढते. मंग घाटात रडशीन. सध्या साधंच टाक. जत्रा झाली का सील बदलू, मंग तुह्या मनाचं टाकू."

काय माणूस आहे! मूठभर कोंड्यात सगळं इंजिन वाचलं. साधं ऑइल टाकून घरी आलो आणि अंगणात मीही जीपखाली कोंडा पसरून तेवढाच वेळ इंजिन चालू ठेवलं. आई ओरडली, "कायले पसरवून राहिला? कोंबड्या खातीन ना!"

इथेही तीनच गाठी.

बारा वर्षं हे इंजिन त्यांच्याच हातावर चाललं. तरी त्यांना न विचारता मी डबा घेऊन आलो. आणि तो डबा पाहून ते एवढंच म्हणाले होते, "बस, आधी चहा घे."