कचरा टाकायला एवढा वेळ लागत नाही

५ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रजा. दोघांनाही एकदम. माझ्या विमा कंपनीने साठलेली रजा सक्तीने घ्यायला लावली आणि हिला साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच वॉर्डातून सलग सुट्टी मिळाली. (ही हॉस्पिटलात सिस्टर आहे.) बाहेरगावी जायचा प्रश्नच नाही. म्हणून मी घरच्या घरी ‘पानगळ महोत्सव’ आखला आहे. (इकडे उत्तरेच्या डोंगराळ भागात ऑक्टोबरातच पानं गळायला लागतात.) सकाळी बाल्कनीतून निसर्गनिरीक्षण, मग ब्रेड भाजणे, दुपारी पत्ते, संध्याकाळी अभिवाचन (माझं). प्रत्येक कार्यक्रम स्वयंपाकघरातल्या टायमरवर सुरू होणार, टायमरवर संपणार. टाइमटेबल फ्रिजवर लावलं.
हिला दाखवलं. म्हणाली, छान आहे.
नुसतं ‘छान आहे’. एकही दुरुस्ती नाही. मी उभी हयात दावे तपासण्यात घालवली आहे. जो माणूस पटकन ‘हो’ म्हणतो, त्याची फाइल पुन्हा उघडायची असते.
संकल्प : सुट्टीत कोणावरही संशय घ्यायचा नाही.

६ ऑक्टोबर
निसर्गनिरीक्षण उत्तम झालं. समोरची झाडं पिवळी पडायला लागलीत. पानं पिवळी का पडतात ते मी हिला सविस्तर सांगितलं. ही डोळे मिटून ऐकत होती. इतकी एकाग्रता हल्ली कोणात दिसत नाही.
टायमर वाजला की मात्र ही दचकते. चांगलीच दचकते. मन साफ असलेला माणूस टायमरला दचकत नाही.
दुपारी पत्ते पिसले तर म्हणाली, कचरा टाकून येते. गेली ती गेलीच. माझा चहा झाला, कप विसळून झाला, पत्ते पिसून पिसून मऊ झाले. कचऱ्याचे डबे खाली पार्किंगच्या कोपऱ्यात आहेत आणि लिफ्ट चालू आहे.
आल्यावर विचारलं, एवढा वेळ? म्हणाली, गर्दी होती.
कचऱ्याला गर्दी?

७ ऑक्टोबर
ब्रेड. पीठ फुगलं नाही. यीस्ट जुनं निघालं, दुकानदाराने फसवलं. (पाणी उकळतं घातलं होतं, पण तो मुद्दा गौण आहे.) सुरी आत जाईना. ही म्हणाली, राहू द्या, हात कापून घ्याल, मी कचरा टाकून येते.
पिशवीत फक्त माझा ब्रेड होता. म्हणजे निमित्तसुद्धा मीच पुरवतोय.
परत आली ती ताजीतवानी. डोळे निवळलेले. कचरा टाकून कोणाच्या तोंडावर असा तजेला येतो? आणि सर्वांत महत्त्वाचं : उजव्या गालावर बारीक चौकडीचा ठसा. कशावर तरी गाल टेकल्यासारखा. कशावर तरी की कोणावर तरी?
अभिवाचनात आज आवाज जरा लागला नाही. ही म्हणाली, मग उद्याही विश्रांती द्या घशाला. काळजी दाखवते आहे. हेही खटकलं.

९ ऑक्टोबर
तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ एकटे राहतात. घटस्फोटित. पोट अजिबात नाही. सकाळ-दुपार आवारात फेऱ्या मारतात. मी त्यांना मनातल्या मनात ट्रॅकसूट म्हणतो. आज लिफ्टपाशी भेटले. थंडी पडायला लागली म्हणून अंगात स्वेटर. चौकडीचा!
मी जवळ जाऊन खांद्यापाशी वीण नीट पाहिली. ते भिंतीला चिकटले. निर्दोष माणूस असा चिकटत नाही. (माझा मास्क हनुवटीवर होता, हा भाग वेगळा.) चौकडी जुळते असं माझं मत झालं. चष्म्यावर वाफ धरली नसती तर खात्रीही झाली असती.
टायमर कालपासून सापडत नाही. हिला विचारलं तर म्हणाली, सापडेल कधीतरी. ‘शोधते’ असं नाही म्हणाली. शब्दांकडे लक्ष द्यावं लागतं.

१० ऑक्टोबर
सरळ विचारून टाकणं हा नवशिक्यांचा मार्ग. मी पाळत ठेवायचं ठरवलं.
दुपारी हिने तपकिरी कोट चढवला, निळा मास्क लावला आणि पिशवी उचलली. ही लिफ्टने, मी जिन्याने. खाली पोचेपर्यंत मला धाप लागली, चष्मा पांढरा झाला, पण तपकिरी कोट आणि निळा मास्क नजरेतून सुटू दिला नाही. कोट आवार ओलांडून मागच्या बाकावर जाऊन बसला. वाट पाहत! मी झाडाआड उभा राहिलो. कोणी येईना. पायाखालची वाळकी पानं करकरायला लागली, तेव्हा जास्त थांबणं धोक्याचं होतं. मागून जाऊन शांत आवाजात म्हणालो, मला सगळं कळलं आहे, आता कबूल करून टाक, मी मोठ्या मनाने माफ करीन.
कोट वळला. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सासूबाई.
त्यांना रडूच कोसळलं. म्हणाल्या, एकदाच काढला हो मास्क, दम लागला होता, जावईबापूंना सांगू नका, ते मला खाली येऊ द्यायचे नाहीत. सांगणार नाही असं वचन दिलं. कबुली मिळवण्याची माझी हातोटी अजून शाबूत आहे, एवढं समाधान.
वर आलो तर ही घरात. म्हणाली, कुठे गेला होतात? म्हणालो, कचरा टाकायला.
म्हणाली, एवढा वेळ?

१२ ऑक्टोबर
महोत्सव तात्पुरता स्थगित. जेवलो नाही. (टोस्ट खाल्ले.) ही दुपारी खाली गेल्याबरोबर मी सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि ट्रॅकसूटची बेल दाबली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सुरुवात ‘आपण सुशिक्षित माणसं आहोत’ अशी होती.
त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, मिसेसना शोधताय का? त्या तुमच्या गाडीत असतील, रोज या वेळेला असतात. मी फेऱ्या मारताना तिकडून वळत नाही, पायांच्या आवाजाने जाग यायची त्यांना. आणि काका, कृपा करून मास्क वर घ्या.
काका! माझ्याच वयाचा आहे.
पार्किंगमध्ये गेलो. आमची गाडी साथ सुरू झाल्यापासून जागची फारशी हललेली नाही. काचेवर वाळक्या पानांचा थर. आत ही. सीट मागे पाडलेली, काचा बंद, सीटकव्हरला गाल लावून पडलेली. चौकडीचं सीटकव्हर. माझ्याच पसंतीचं.
झोपली नव्हती. डोळे उघडे होते आणि ओले होते. मी काचेवर टकटक केली तशी तिने पुसले आणि काच खाली केली.
विचारलं, इथे आणखी कोण येतं? म्हणाली, कोणी नाही, म्हणून तर येते.
मग सांगायला लागली. वॉर्डात एक आजोबा होते. घरच्यांना आत सोडत नव्हते, म्हणून शेवटी त्यांचा हात हिनेच धरला होता. ते गेले आणि दुसऱ्या मिनिटाला पलीकडचं मशीन वाजायला लागलं, तिकडे धावावं लागलं. त्यांच्यासाठी थांबताच आलं नाही, म्हणाली. असे बरेच जण आहेत. आता सुट्टी आहे, तर एकेकाला जरा वेळ द्यायचा आहे. घरी बसले की तुमचा टायमर वाजतो. टायमर थांबला की तुम्ही सुरू होता.
टायमर तिनेच माळ्यावर टाकलाय. तेही सांगितलं.
हे ती मला आधी का बोलली नाही, असं विचारणार होतो. मग आठवून पाहिलं, गेल्या आठवड्यात तिला मधे बोलायला जागा कुठे होती. ती सापडली नाही.
निष्कर्ष : परपुरुष नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा अपमानही झाला. परपुरुष असता तर निदान पोट कमी करता आलं असतं. गप्प बसण्याशी स्पर्धा कशी करायची?

१३ ऑक्टोबर
टाइमटेबल फ्रिजवरून काढलं. दिवसभर कमी बोललो. ही दोनदा विचारून गेली, बरं वाटत नाही का? कपाळाला हात लावून पाहिला, वास येतोय का विचारलं.
संध्याकाळी म्हणालो, उद्या मीही येतो गाडीत. बोलणार नाही. तिने माझ्या कपाळाला पुन्हा हात लावून पाहिला. मग म्हणाली, या. पण मागे बसा.
संकल्प : एक शब्दही नाही.

१४ ऑक्टोबर
आयुष्यातला सर्वांत यशस्वी दिवस.
ही पुढे बसली, मी मागे. काचेवर पानं पडत होती. वायपरचं रबर सुकलंय, हे मी बोललो नाही. समोरचा स्कूटरवाला चुकीच्या जागी स्कूटर लावून गेला, तरी बोललो नाही. त्या आजोबांबद्दल काहीतरी समजुतीचं बोलावं असं फार वाटलं, वाक्यही चांगलं जुळलं होतं. तेसुद्धा गिळलं. मला फक्त हिचा डोक्यामागचा भाग दिसत होता. केस किती पांढरे झालेत. कधी झाले कोण जाणे. बोललो नाही.
हळूहळू तिचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला. मला भरून आलं. एवढ्या वर्षांत मी हिला काय दिलं असेल, तर ते आज दिलं, असं वाटलं. माझी शांतता तिच्यापर्यंत पोचत होती, हे मला मागच्या सीटवरूनही जाणवत होतं.
ऊन उतरलं तेव्हा ती मागे वळली. हसली. खूप दिवसांनी अशी हसली. मी तिच्या शब्दांची वाट पाहत राहिलो.
तिने एका कानातून कापसाचा बोळा काढला, मग दुसऱ्या कानातून काढला, आणि विचारलं, काही म्हणालात का?
म्हणालो, नाही.
बरं म्हणाली, आणि बोळे परत घातले.