दाजींच्या पावडरीचा निकाल

ती. दाजींच्या चरणी,

मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समजावा). आपली प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्याच्या शेडमध्ये पावडर ओतायला सांगून स्वतः पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला होणार काय? ताईचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल. कोंबड्या तर इतक्या खुशाल आहेत की तुमची पावडर खाल्लेली कोणती आणि न खाल्लेली कोणती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

मागे तुम्ही जेवायला आलात आणि ताटाशेजारी कागद पसरून त्यावर कोंबडीच्या आतड्याचं चित्र काढून दाखवलंत, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं (माझ्या बायकोला पुढचा घास गेला नाही). ओवा, लसूण, दालचिनीचा अर्क पोटात गेला की वाईट जंतू पळ काढतात, चांगले जंतू सुखाने नांदतात, खाल्लेलं अंगी लागतं आणि औषधं लागत नाहीत... काय ती रसाळ वाणी! या चाचणीवर पावडर कंपनीतली तुमची नोकरी कायम होणार आहे असं ताई फोनवर म्हणाली, म्हणून मी मान डोलावली.

आपल्या आज्ञेप्रमाणे शेडच्या मधोमध, या दारापासून त्या दारापर्यंत जाळी बांधली. उजवीकडच्या पिल्लांच्या खाद्यात पावडर, डावीकडच्यांना साधं खाद्य. सकाळी मी घालायचो, संध्याकाळी बायको. पावडर कालवताना शिंकून शिंकून माझा जीव अर्धा झाला. कपड्यांना असा वास बसला की किराणा दुकानात शिरलो की लोक आपुलकीने विचारत, "काय हो, पोट बिघडलंय का?"

आणि एवढं करून निकाल काय? काल वजनं केली. उजवी बाजू आणि डावी बाजू, काट्याला फरक कळेना! पशुवैद्य शेडभर फिरून म्हणाले, "पिल्लांखाली पसरलेलं तूस काय कोरडं राहिलंय हो! मागच्या बॅचला नुसता चिखल होता." अहो, पण दोन्हीकडे कोरडं आहे, मग त्यात पावडरीचं काय कौतुक? विष्ठा दोन्हीकडे घट्ट, वजन दोन्हीकडे भरपूर. म्हणजे यंदाची पिल्लंच मुळात चांगली निघाली. तुमच्या पावडरीवाचून कोंबडीचं काही अडत नाही, एवढं मात्र तुम्ही छान सिद्ध केलंत. दाजी, राग मानू नका, पण हा धंदा सोडा. जिभेवर साखर आहे, विमा विका.

आपला (अजून तरी)
मेहुणा

ता. क. : पत्र आत्ताच बायकोला वाचून दाखवलं. गोदाम मागे असल्यामुळे ती शेडमध्ये मागच्या दाराने शिरते. ती म्हणाली, "उजवीकडे म्हणजे पुढच्या दारातून बघून होय? मी आपली माझ्या उजव्या हाताला घालत होते." म्हणजे एका बाजूने सकाळी पावडर खाल्ली, दुसरीने संध्याकाळी. साधंच खाद्य खाल्लेली कोंबडी आमच्याकडे औषधालाही नव्हती! तेव्हा वरचा सगळा शहाणपणा मागे घेतो. शेड इतकी कोरडी मी कधी पाहिली नव्हती. पुढच्या बॅचसाठी पावडर नक्की पाठवा.

दुसरा ता. क. : कसं सांगू कळत नाही. "निकाल आमच्या साहेबांना परस्पर कळव, म्हणजे वशिला वाटणार नाही," असं तुम्हीच बजावलं होतं. त्यामुळे ता. क. सोडून बाकीच्या पत्राची प्रत सकाळीच त्यांच्या पत्त्यावर गेली आहे. हे पत्र टपालाने न धाडता माणसाहाती पाठवतोय, तेव्हा कृपा करून साहेबांच्या आधी ऑफिस गाठा आणि टपाल ताब्यात घ्या. नाहीच जमलं, तर मेहुणा ठार वेडा आहे म्हणून सांगा. ताई आनंदाने साक्ष देईल.